एकाच लग्नाच्या दोन सीड्या

घाट उतरला की डाव्या हाताला जे गाव लागते, त्या गावात श्रीपतराव हेर्लेकर नावाचे एक गृहस्थ राहत. भले होते, सरळ होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. पसारा दिसला की त्यांचे हात शिवशिवत.

त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. तिथे बिजागऱ्या बिजागऱ्यांच्या डब्यात, कड्या कड्यांच्या डब्यात, आणि प्रत्येक डब्यावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला. ‘एक जिन्नस, एक डबा’ हे त्यांचे ब्रीद. गावातले लोक आपल्या पोरांना सांगत, की जरा हेर्लेकरांच्या दुकानात जाऊन बघून या. असे कौतुक कानावर पडत राहिले की माणूस थोडा फुगतोच. श्रीपतरावही फुगले.

पुढे त्यांनी दुकान पुतण्याच्या हाती दिले आणि ते घरी बसले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आता घरातल्या वस्तूंची पाळी आली. चमचे लहानमोठे बघून रांगेत बसले. देवघरातल्या वाती एका मापाच्या झाल्या. दोन पळ्या दिसल्या की एक माळ्यावर जाई आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीला, मालनबाईंना, शिडी लावून ती खाली काढावी लागे. मालनबाई हसत आणि पळी धुऊन घेत.

मालनबाईंना सिनेमाचे वेड होते. वेड म्हणजे साधेसुधे नाही. सोप्यातले, म्हणजे बाहेरच्या खोलीतले, एक आख्खे कपाट त्यांच्या सिनेमांनी भरले होते. आधी कॅसेटी होत्या, त्यांच्या सीड्या झाल्या, मग त्याच सीड्या एका हार्ड डिस्कवर चढल्या. दर शनिवारी संध्याकाळी सोप्यात चटया पडत, टीव्ही उंबऱ्याकडे वळवला जाई आणि निम्मी गल्ली येऊन बसे. कुणाला कुठला सिनेमा केव्हा दाखवायचा हे मालनबाईंना नेमके कळत असे. सासूशी भांडून आलेल्या सुनेला त्या हसवणारा लावत आणि सुनेशी भांडून आलेल्या सासूलाही तोच लावत.

श्रीपतराव मात्र सिनेमा बघायला बसत नसत. ते बाहेर पायरीपाशी लोकांच्या चपला जोडीने लावत बसत. त्यांना त्यातच आनंद होता.

त्यांची लेक केतकी पुण्याला नोकरीला जाण्याआधी एक चांगले काम करून गेली होती. तिने आईच्या सगळ्या सिनेमांची कॉम्प्युटरवर यादी करून दिली होती. सिनेमाचे नाव, साल, कपाटाचा कप्पा, आणि शेवटी शेऱ्यासाठी एक रिकामी जागा. मालनबाईंनी सगळे भरले. शेरा तेवढा कधी भरला नाही. लेक फोनवर आठवण करून द्यायची तेव्हा त्या म्हणायच्या, की माझ्या डोक्यात आहे की सगळे, कॉम्प्युटरच्या डोक्यात कशाला भरायचे.

पण त्या यादीत काही नावे दोन-दोनदा होती. आणि कॉम्प्युटरला दोनदा आलेले नाव दिसले, की तो त्याच्यापुढे लाल खूण करी. श्रीपतरावांना ती लाल खूण बघवत नसे. डोळ्यात कुसळ गेल्यासारखे होई. एकदा त्यांनी मालनबाईंना विचारले, की हे एकच सिनेमे दोनदा का लिहिलेत.

मालनबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “दोन आहेत म्हणून दोन लिहिलेत.”

एवढ्यावर तो विषय संपला. एकाला वाटले आपण सगळे सांगितले, दुसऱ्याला वाटले हिला काही सांगता येत नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि मालनबाई भाऊबिजेला भावाकडे गेल्या. तुळशीच्या लग्नापर्यंत येते, म्हणाल्या. एस.टी. दिसेनाशी झाली तसे श्रीपतराव घरी आले, हातपाय धुतले आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. आल्यावर बायको खूश होईल, असे त्यांना अगदी मनापासून वाटत होते. ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी.

काम सोपे होते. जिथे लाल खूण, तिथे दोघांपैकी एक ठेवायचा आणि एक काढायचा. ‘ढवळ्याचा धनी’ नावाचा एक जुना सिनेमा दोनदा होता. त्यातला एक थोडा आखूड होता. पूर्ण असताना अर्धवट कशाला, म्हणून आखूड गेला. ‘नथीचा निवाडा’च्या दोन सीड्या होत्या. एकीवर ओरखडे होते. ती गेली. असे करत करत ते खाली आले, आणि शेवटी त्यांचे स्वतःचेच लग्न निघाले. तेही दोनदा.

त्याचे कारण त्यांना माहीत होते. लग्नात मानपानावरून दोन्हीकडची मंडळी हटून बसली होती. वरपक्षाने शूटिंगवाला आणला म्हणून वधूपक्षानेही आणला. एकाच मांडवात दोन कॅमेरे एकमेकांना धक्के देत फिरत होते. श्रीपतरावांनी दोन्ही सीड्या हातात घेतल्या. एकीचे पाकीट कोरे करकरीत होते, दुसरीच्या पाकिटावर लाल डाग पडला होता. कोरी लावून पाहिली. तिच्यात त्यांचे काका होते, मामा होते, आत्याच्या नऊवारीचा काठसुद्धा स्पष्ट दिसत होता आणि ते स्वतः तर घोड्यावर फारच रुबाबदार दिसत होते. आपला तो बाब्या. दुसरी लावून बघायची त्यांना गरज वाटली नाही. एक लग्न, एक सीडी. डागवाली गेली.

हार्ड डिस्कवरूनही त्यांनी त्या सगळ्या जोड्या मोडल्या. पुसलेले सगळे कॉम्प्युटरच्या कचरापेटीत जाऊन पडले होते. भरलेली कचरापेटी बघून श्रीपतरावांना राहवेना, म्हणून तीही त्यांनी रिकामी केली. यादी वरून खालपर्यंत पाहिली. एकही लाल खूण नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली.

बाजूला काढलेल्या सीड्यांचे काय करायचे, हा प्रश्नही आपोआप सुटला. हिंदुराव चव्हाणांची ओढ्याकाठी पेरूची बाग होती आणि पोपटांनी ती उष्टावून ठेवली होती. जुन्या सीड्या झाडाला टांगल्या की उन्हात लकाकतात आणि पाखरे बिचकतात, हे तिकडे सगळ्यांनाच ठाऊक. हिंदुराव विचारायला आले आणि पिशवी भरून घेऊन गेले. घर स्वच्छ झाले, पेरू वाचले. श्रीपतरावांना त्या रात्री छान झोप लागली.

शनिवार आला. मालनबाई नाहीत म्हणून गल्लीने थोडेच थांबायचे. चटया पडल्या. पुढच्या चटईवर बायजाक्का बसल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर. त्यांना ‘ढवळ्याचा धनी’ हवा होता. तो त्यांनी किती वेळा पाहिला असेल याला गणती नव्हती. ढवळ्या नावाचा पांढराशुभ्र बैल, त्याचा गरीब धनी, आणि शेवटी शर्यत. श्रीपतरावांनी सिनेमा लावून दिला आणि ते चपलांकडे गेले.

बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. ते धावत आत गेले. पडद्यावर शर्यत जिंकलेला ढवळ्या धन्याच्या मांडीवर मान टाकून मेला होता. आणि बायजाक्का पदरात तोंड घालून हमसून हमसून रडत होत्या. बाया त्यांना पाणी देत होत्या. त्या पाणी घेईनात.

श्रीपतराव गोंधळले. एवढ्या वेळा पाहिलेला सिनेमा, आजच काय झाले, असे त्यांनी हळू आवाजात विचारले.

बायजाक्का म्हणाल्या, “मालनच्या हातचा ढवळ्या मरत न्हाई, शिरपती. तुझ्या हातचा मेला.”

त्या उठल्या आणि काठी टेकत घरी गेल्या. त्यांची चप्पल रांगेत बरोबर लावलेली होती, पण त्या ती न घालताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई ‘नथीचा निवाडा’ मागायला आली. श्रीपतरावांनी होती ती सीडी दिली. तिने उलटून पालटून पाहिली आणि बिचकली. ही नवीकोरी आहे, म्हणाली. काकू घरी न्यायला नेहमी ओरखड्याची देतात, ती पोरांच्या हातात पडली तरी काळजी नसते. नवीकोरी न्यायला काही ती धजेना. मोकळ्या हाताने परत गेली. श्रीपतराव सीडी हातात घेऊन दारातच उभे राहिले. आपण यादी साफ केली की घरच रिकामे केले, हे त्यांना कळेनासे झाले.

शेवटी त्यांनी केतकीला फोन लावला. फोनवर आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग बैलाचे विचारले.

केतकी हसायला लागली. म्हणाली, की आखूड सिनेमा मीच कापून दिला होता, खास बायजाक्कांसाठी. ढवळ्या शर्यत जिंकतो, लोक गुलाल उधळतात, संपला सिनेमा. आईने सांगितले होते, की या वयात त्यांच्या जिवाला घोर नको. श्रीपतराव म्हणाले, की अगं पण त्या लाल खुणा. तेव्हा केतकीने सांगितले, की बाबा, नावाच्या शेजारी एक चौकोन आहे. ‘हे मुद्दाम दोनदा ठेवले आहे’ असे त्याच्यापुढे लिहिलेले आहे. तिथे टिचकी मारली की लाल खूण जाते आणि सिनेमा राहतो.

श्रीपतरावांनी विचारले, की काढून टाकलेले परत आणायला कुठे टिचकी मारायची. त्यांचा आवाज केतकीला वेगळा वाटला. तिने हसणे थांबवून विचारले, “बाबा, लग्नाची तरी नाही ना काढली? कुंकवाच्या पाकिटातली?”

तेव्हा त्यांना कळले, की तो डाग नव्हता. ते मालनबाईंनी लावलेले कुंकवाचे बोट होते.

मालनबाईंचे वडील, अण्णा, तालमीचे वस्ताद होते. लेकीच्या लग्नानंतर दोन पावसाळे बघून गेले. ते कुणाला फोटो काढू देत नसत. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण म्हणजे वधूपक्षाच्या कॅमेऱ्याने घेतलेली ती सीडी. दर वर्षी तुळशीचे लग्न लागले की मालनबाई ती सगळ्या गल्लीला दाखवत. श्रीपतराव दर वर्षी बाहेर चपला लावत असत. आतून एका ठरावीक जागी हशा येई. आपल्या सासरची मंडळी बघून लोक हसत असतील, असे ते समजत आणि पुढची चप्पल उचलत.

त्यांनी उरलेली सीडी लावली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. काका होते, मामा होते, घोडा होता. अण्णा एकदाच दिसले, तेही पाठमोरे. भगवा फेटा, रुंद पाठ, आणि लगेच कॅमेरा आत्याकडे वळला.

सकाळी उजाडताच ते बागेत गेले. झाडाझाडाला सीड्या लोंबत होत्या आणि वाऱ्याने गरगरत होत्या. श्रीपतराव चष्मा वर-खाली करत एकेक सीडी थांबवून वाचू लागले. मान दुखली, खांद्यावर उष्ट्या पेरूचा गर पडला. ज्या पाखरांनी घाबरायचे ती शेजारच्या झाडावर बसून निवांत पेरू खात होती आणि त्यांच्याकडे बघत होती. ‘नथीचा निवाडा’ सापडला. ढवळ्याही सापडला, पण त्याच्यावर पाखरांनी आपली कामे उरकली होती. लग्न कुठेच नव्हते.

हिंदुरावांना विचारले. ते म्हणाले, की पिशवी रिकामी केली आणि दिसंल ती टांगली, काही वाऱ्यानं वढ्यात पडल्या असतील. बायकोने हात लावला असेल तर म्हणून विचारावे, तर तीही मागाहून भाऊबिजेला माहेरी गेलेली.

श्रीपतराव घराकडे वळले. वाट लांबची होती आणि वाटेत मनाने त्यांना पुष्कळ गोष्टी सुचवल्या. हार्ड डिस्क काय, कुणाचीही बिघडते. सीडी काय, जुनी झाली की दगा देते. मांजराने पाडली म्हणावे. गावात त्यांच्या नीटनेटकेपणाचा एवढा बोलबाला होता, की त्यांच्या हातून काही हरवले यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मालनबाईंचाही बसला नसता. खोटे बोलायला यापेक्षा चांगली सोय कुठली. श्रीपतरावांनी मांजराची गोष्ट दोनदा मनातल्या मनात घोळून पाहिली. ती चांगली जमतही होती.

घरी आले तर पायरीवर मालनबाईंच्या चपला. त्या एक गाडी आधीच आल्या होत्या आणि भावाकडच्या करंज्या डब्यात भरत होत्या. चपला वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. श्रीपतरावांनी त्यांना हात लावला नाही. ते तसेच आत गेले, खाली बसले आणि मांजराला त्यात न आणता सगळे सांगून टाकले. ढवळ्याचे सांगितले, कचरापेटीचे सांगितले, बागेचे सांगितले, आणि सगळ्यात शेवटी कुंकवाच्या पाकिटाचे.

मालनबाईंच्या हातात करंजी होती. ती त्यांनी डब्यात ठेवली. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे श्रीपतरावांना वाटले.

मग त्या म्हणाल्या, “वर्षातनं एकदा अण्णा मला ‘पोरी’ म्हणायचे. आता कोण म्हणणार?”

मालनबाई उठून परसात गेल्या आणि तुळशीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, की मी तरी कुठे काही लिहून ठेवले होते. केतकी सांगून सांगून थकली. माझ्या डोक्यातले तुम्हाला दिसणार कसे. श्रीपतरावांनी तो चहा घोट घोट करत कसाबसा संपवला. बोलणी खाल्ली असती तर तीही यापेक्षा लवकर पचली असती.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी गल्ली जमली. वृंदावनाला चुना दिला होता, उसाचा मांडव केला होता, चिंचा-आवळे मांडले होते. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, चुरमुरे वाटले. आता दर वर्षी लोक सोप्याकडे वळत. ते वळले आणि थबकले, कारण बातमी आधीच पसरली होती. बायजाक्कासुद्धा आल्या होत्या, पण श्रीपतरावांकडे बघत नव्हत्या. टीव्ही बंद होता. मालनबाई सगळ्यांना करंज्या देत होत्या आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

तेवढ्यात हिंदुरावांची बायको रंगूवहिनी फाटकातून आत आली. माहेराहून दुपारीच परतली होती. हातात ताट होते, ताटात नारळ आणि हिरव्या खणात गुंडाळलेले काहीतरी. ती सरळ मालनबाईंपाशी गेली.

“आमच्या ह्यांना अक्कल न्हाई,” ती म्हणाली. “पिशवीतनं सीड्या काढून झाडाला बांधत हुते. एका पाकिटावर कुंकू दिसलं, आत बघितलं तर सीडीवर लगीन लिवलेलं. म्हटलं, कुणाचं का असंना, लगीन झाडाला टांगत्यात व्हय? देव्हाऱ्यात ठेवली आन् गेले म्हायेराला. ह्येंला सांगायचं ऱ्हायलंच.”

मालनबाईंनी खण उघडला. आत ते पाकीट होते. कुंकवाचे बोट जागच्या जागी होते. त्यांनी ते कपाळाला लावले आणि मग रंगूवहिनीच्या गळ्यात पडून इतका वेळ दाबून ठेवलेले रडू त्या मनसोक्त रडल्या. नारळ ताटातून घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. तो उचलावा असे त्या दिवशी श्रीपतरावांच्याही मनात आले नाही.

टीव्ही लागला. चटया पडल्या. श्रीपतराव सवयीने चपलांकडे निघाले, तेव्हा मालनबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना पुढच्या चटईवर बायजाक्कांशेजारी बसवले. बायजाक्कांनी जरा सरकून जागा दिली.

मांडव दिसला. वधूपक्षाचा कॅमेरा गर्दीत हेलकावे खात होता. मग भगवा फेटा दिसला, आणि या वेळी चेहराही. दाट मिशा, कुस्तीत मोडलेले कान. अण्णा कॅमेऱ्यावर खेकसले, की माझे काय काढतोस, माझ्या पोरीचे काढ. मग जिलबीचा तुकडा लेकीच्या तोंडापुढे धरून म्हणाले, “पोरी, खा. सकाळपासनं उपाशी हाईस.” सोप्यात कुणी हलत नव्हते. मालनबाईंचे ओठ हलत होते. त्यांना ते सगळे पाठ होते.

पुढे मंगलाष्टके झाली, टाळ्या-वाजंत्री झाली, अक्षतांचा पाऊस पडला. लोक भेटीला पुढे सरकले. आणि त्या धांदलीत मुंडावळ्या बांधलेला एक तरुण नवरदेव खाली वाकलेला दिसला. तो सतरंजीवर सांडलेल्या अक्षता हाताने गोळा करून त्यांचा छान ढीग करत होता. श्रीपतरावांनी चष्मा नीट केला. ते स्वतःच होते.

पडद्यावर अण्णांनी जावयाचा दंड धरून त्याला उभे केले. वस्तादांचा आवाज सोपाभर घुमला. “ऱ्हाऊ द्या, जावईबापू. अक्षता चुकून सांडत न्हाईत. त्या सांडायच्याच असत्यात.”

सोप्यात हशा उसळला. दर वर्षी बाहेरून ऐकलेला हशा हाच होता, हे श्रीपतरावांना आता कळले. इतकी वर्षे सासरे त्यांना एक गोष्ट सांगत होते आणि ते चपला लावत होते. आधी त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनाही हसू आले, आणि एकदा आले ते आवरेना. बायजाक्कांनी त्यांच्या पाठीत एक धपका घातला. त्यांचे भांडण मिटले.

दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघेही कॉम्प्युटरसमोर बसले. काढलेली नावे पुन्हा घातली. ढवळ्या पुसून स्वच्छ केला तरी काही चालेना, तेव्हा केतकीने आपल्याकडची प्रत पाठवून दिली. आता मालनबाई सांगत होत्या आणि श्रीपतराव शेरा लिहीत होते. ‘ढवळ्याचा धनी’च्या एका नावापुढे त्यांनी लिहिले, ‘मरतो.’ दुसऱ्यापुढे लिहिले, ‘मरत नाही. बायजाक्कांसाठी हाच.’ ‘नथीचा निवाडा’, एक घरची, एक दारची. प्रत्येक वेळी चौकोनात टिचकी मारली की लाल खूण विझत होती आणि श्रीपतरावांना दुकानात नवा डबा भरल्याचे समाधान मिळत होते.

लग्नापाशी मात्र गाडी अडली. श्रीपतरावांनी घोड्याच्या सीडीपुढे ‘आमच्याकडची’ असे लिहिले. मालनबाईंनी ते खोडायला लावून कुंकवाच्या सीडीपुढे ‘आमच्याकडची’ लिहायला सांगितले. जुना मानपान पुन्हा जागा होतो की काय, असे वाटले. शेवटी श्रीपतरावांनी दोन्हीपुढे ‘आमच्याकडची’ लिहिले. कॉम्प्युटरने लगेच लाल खूण केली आणि विचारले, की एकच गोष्ट दोनदा आली आहे, एक काढून टाकू का?

श्रीपतरावांनी बायकोकडे पाहिले, चौकोनात टिचकी मारली आणि खुर्ची मागे सरकवली.

तात्पर्य: दोन गोष्टी दिसायला एक असल्या म्हणून त्यातली एक फालतू ठरत नाही, काढणाऱ्याने आधी विचारावे, आणि ठेवणाऱ्याने का ठेवले ते सांगून ठेवावे.